उंबरावरची घोंगडी

वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं, त्याच हिवाळ्यात, पौषात, पैनगंगेला पाणी आलं. राज्य बदललं म्हणून पाणी आलं, असं म्हणणारेही गावात होते. कारण शोधायला आमच्या माणसांना फार लांब जावं लागत नाही.

पाण्याचा धक्का बसला तो रामकिसनच्या बेटाला. पात्राच्या मधोमध सहा एकरांचं ते बेट. गाळाची काळी जमीन, आणि हरभरा असा यायचा की आत शिरलेल्या माणसाचे गुडघे दिसू नयेत. बेटाला काठ चार आणि स्वभावही चार, एका घरातल्या चार सुनांसारखे. वरच्या टोकाला पाणी आपटून दोन्हीकडे फुटायचं, तिथे सदा फेस. गावाकडच्या अंगाला उतार, तिथून बैलबंडी जायची-यायची. पलीकडे खोल डोह. थंडीचा वारा सुटला की डोहात लाटा उठायच्या आणि काठाची माती चाटायच्या. खालच्या टोकाला पाणी निवांत, पण सकाळची धुई तिथे बसली की ऊन डोक्यावर येईतो उठायची नाही.

हे सगळं ध्यानात ठेवायचं काम रूपलाचं. रूपला तांड्यावरचा, पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, काटक अंगाचा. पंधरा हिवाळे तो बेटावर खोप घालून हरभरा राखत आला होता. सकाळी उठला की चारही काठ पायाखाली घालायचा आणि उतारावर उभा राहून अलीकडच्या काठावर हाक द्यायचा.

"मालक, वरच्या टोकाले फेस पांढरा हाय! डोहात लाटा हायेत, पन काठ खात नाईत! उतार गुडघ्याएवढा! खाली धुई हाय!"

रामकिसन ते ऐकायचा आणि मग बंडी जुंपायची की नाही ते ठरवायचा. फेस पिवळा दिसला की वर कुठे तरी पाऊस झाला, हे रूपला एका नजरेत सांगायचा. गावातले लोक म्हणत, रूपल्याचा डोळा म्हणजे घारीचा डोळा. आणि रूपलाला ते ऐकायला आवडायचं, उगीच खोटं कशाला सांगा.

इकडून तिकडे मात्र हाक पोचत नसे, समोरच्या वाऱ्यात आणि पाण्याच्या आवाजात विरून जायची. म्हणून रामकिसनच्या बापानं एक रीत घातली होती. वरच्या गावांची खबर काठावरच्या माणसाला असते, बेटावरच्याला नसते. वर पाऊस झाल्याचं कळलं की काठावरच्या उंबराला काळी घोंगडी टांगायची. घोंगडी दिसतेय तोवर बेटावरच्यानं पाण्यात पाऊल घालायचं नाही, पाणी कितीही गरीब दिसो. घोंगडी उतरली की खुशाल यावं. या रीतीपुढे रूपलाचा डोळासुद्धा दुय्यम. घोंगडीचा शब्द शेवटचा.

त्या दिवशी पहाटेपासून भुरभुर लागली होती. बेटावर सोंगलेला हरभरा ढिगांनी पडलेला, भिजला तर काळा पडणार. म्हणून दिवस उगवायच्या आत बंडी बेटावर नेली होती. तिथे रूपला, त्याची बायको धनीबाई आणि तांड्यावरच्या आणखी दोन बाया ढीग भरत होत्या. थोड्या वेळानं वरच्या गावचा एक माणूस काठानं चालत आला आणि म्हणाला, रात्रभर वर पावसानं झोडपलंय, पाणी निघालंय.

रामकिसननं घोंगडी उंबराला टांगली. बेटावरून रूपलानं हात वर करून दिसल्याची खूण केली.

"मी गावातून मोटेचा लांब नाडा आन् चार गडी घेऊन येतो," रामकिसन बायकोला, गोजराबाईला म्हणाला. "तू इथंच बस. मी येईलोक घोंगडीले हात लावू नोको."

"नाई लावत जी. जा तुमी."

गोजराबाई काठावरच्या खोपीत बसली. खोपीचं छप्पर गळकं. लुगडं ओलं, पदर ओला, चोळी अंगाला चिकटलेली. वरून वारा. कोंबडा आरवायच्या आधी उठून तिनं पायलीभर ज्वारी दळली होती, त्यामुळे हात भरून आलेले. थंडी आधी बोटांत शिरली, मग पाठीत, मग दात वाजायला लागले. चूल पेटवावी तर काड्यांची पेटी दमट झालेली. पाच-सहा काड्या घासल्या, एकही लागली नाही.

समोर उंबरावर घोंगडी होती. नवऱ्यानं चौघडी करून टांगलेली, वरची घडी भिजली असली तरी आतली कोरडी असणार, हे तिला बसल्या जागेवरून कळत होतं. ती बराच वेळ त्या घोंगडीकडे पाहत राहिली. रूपलानं पाहिलीच आहे, हात वर केला की त्यानं. एकदा पाहिली ती पाहिली. आता तो काही घडीघडीला पाहत बसणार आहे का? जरा अंग गरम झालं की पुन्हा टांगते. कुणाचं काय जातंय?

तिनं घोंगडी ओढली आणि डोक्यावरून घेतली.

आतली घडी खरंच कोरडी होती. लोकरीचा वास, मेंढीचा वास, आणि हळूहळू अंगात उतरणारी ऊब. गोजराबाईनं गुडघे पोटाशी घेतले. दात वाजायचे थांबले. आणि दिवसाढवळ्या, भर कामात, तिचा डोळा लागला.

जाग आली ती बायांच्या किंचाळण्यानं. बंडी उताराच्या मधोमध होती आणि पाणी बैलांच्या गळ्याला लागलेलं. पाणी मातकट, त्यात काटक्या, पळसाची पानं, एक आख्खी बाभळीची फांदी. भरलेल्या बंडीवर दोन्ही बाया एकमेकींना मिठी मारून बसलेल्या. धनीबाई कमरेच्या वर पाण्यात, लाल्या बैलाच्या शिंगाला धरून. रूपला जुवाशी झटत होता.

त्या क्षणी गोजराबाईनं काय केलं असेल? काठावर धावायचं होतं, हाका मारायच्या होत्या, खोपीत पडलेला आखूड दोर तरी फेकायचा होता. तिनं घोंगडी अंगावरून काढली आणि उंबराच्या फांदीवर टाकली. आधी ते केलं, मग धावली.

रूपलानं विळ्यानं लाल्याची सापती, जुवाला बांधलेला गळ्याचा पट्टा, कापली. लाल्या मोकळा झाला, पोहू लागला, त्याची शेपटी धरून धनीबाई काठाला लागली. दुसरा बैल मोऱ्या. त्याच्या सापतीपर्यंत रूपलाचा हात पोचायच्या आत बंडी कलंडली. दोन्ही बायांना रूपलानं दंडाला धरून ओढलं. मोऱ्या बंडीसकट खाली गेला, एकदा त्याचं तोंड वर आलं, मग आलं नाही. तेवढ्यात रामकिसन गडी घेऊन आला, नाडा फेकला आणि तिघांना ओढून काठावर घेतलं.

रूपला पालथा पडून पाणी ओकत होता. रामकिसन त्याच्या डोक्याशी उभा राहिला. मोऱ्या त्यानं वासरापासून वाढवलेला.

"रूपल्या, डोये फुटले व्हते काय तुहे? घोंगडी असतानी पान्यात उतरला?"

रूपला गुडघ्यांवर उठला. "घोंगडी नव्हती मालक. उतरली व्हती. म्या दोनदा पाह्यलं. फेस पिवळा व्हता, मले शंका व्हती. पन मनलं, मालकानं उतरवली तं वरचं पानी सरलं असन."

"उतरली व्हती? मंग थे काय हाय? तुह्या बापाचं धोतर?"

रूपलानं उंबराकडे पाहिलं. ओल्या हातानं डोळे पुसले, पुन्हा पाहिलं. मग धनीबाईकडे पाहिलं. ती आणि त्या दोघी बाया खाली मान घालून थरथरत होत्या. त्यांनी उंबराकडे पाहिलंच नव्हतं. पाहायचं काम रूपलाचं, हे ठरलेलं होतं.

"बाई," रूपला गोजराबाईला म्हणाला, "तुमी तं इथंच व्हत्या. तुमी सांगा नं. उतरली व्हती नं?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या पाठीला घोंगडीची ऊब अजून होती.

"मी खोपीत व्हती," ती म्हणाली. "घोंगडी तं तिथंच व्हती."

रूपलानं आणखी एकदा उंबराकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

रामकिसन दुष्ट माणूस नव्हता. त्यानं रूपलाला हाकललं नाही. फक्त बेटावरून काढलं आणि काठावर अंबाडीचे दोर वळायला बसवलं. बेटावर त्याच्या जागी आपला चुलतभाऊ रामराव पाठवला. रामराव झोपेचा पक्का. चारही काठांची खबर तो एका शब्दात द्यायचा, "बरं हाय!" तीन दिवसांनी डोहाकडच्या लाटांनी काठ खाऊन हरभऱ्याचे दोन ढीग पाण्यात नेले, तरी रामरावचं बरंच होतं.

रूपला खाली मान घालून दोर वळायचा. येणारे-जाणारे त्याला बोटं दाखवायचे. "रूपला, हे किती रे?" तो हसून उत्तर द्यायचा, बरोबर द्यायचा, पण लोक पुढे गेले की स्वतःचीच बोटं डोळ्यांपुढे धरून मागे-पुढे करायचा. गोजराबाईनं ते दोनदा पाहिलं आणि दोन्ही वेळा घरात निघून गेली.

चौथ्या दिवशी दाट धुई पडली. ती काठावर पाणी भरायला आली तर रूपला पाण्याच्या कडेला उभा.

"बाई, बेटावरचं कवठाचं झाड दिसते काय तुमाले?"

"नाई भाऊ. धुई किती पडली! मलेई काही नाई दिसत."

खरंच दिसत नव्हतं. गावातल्या कुणालाही त्या सकाळी बेट दिसलं नसतं. पण रूपला हसला. "लय चांगल्या हायत तुमी बाई. माणसाचं मन राखता."

गोजराबाईच्या हातातली कळशी वाकडी झाली. आत्ताच सांगावं, असं तिच्या ओठावर आलं. पण तेवढ्यात रामकिसननं वरून हाक मारली आणि ती हाकेच्या आधारानं पळाली. पळायला आधार मिळाला याचं तिला बरंच वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज दिवसभर पुरली.

त्या दिवसापासून ती रूपलाच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवू लागली. घरच्या माणसाला मिळत नाही एवढा. रूपला तो पाहायचा आणि ओशाळायचा. आंधळ्याला घालतात तसं घालतात आपल्याला, असं त्यानं धनीबाईला सांगितलं. ते धनीबाईनं गोजराबाईला सांगितलं, उपकार मानत. मग लोणी थांबवावं की घालत राहावं, हेही तिला कळेना.

एकदा तिनं नवऱ्यापाशी विषय काढला. रामकिसन गोठ्यात लाल्याच्या तोंडाशी कडबा धरून बसला होता. जोडीदार गेल्यापासून लाल्या नीट खात नव्हता.

"मी काय म्हणतो जी, रूपलाभाऊची चूक नसन."

"मंग कोनाची? घोंगडीची?"

रामकिसननं कडबा खाली ठेवला.

"बैलाचं नाई वाटत मले. दुसरा येईन. पन पंधरा वर्सं ज्याच्या डोयानं मी चाललो, त्यानं तोंडावर खोटं बोलावं? घोंगडी उतरली व्हती म्हने! डोये गेले तं गेले, तसं सांगाचं व्हतं. मानसाचे डोये जातेत. मी काय त्याले फाशी देनार व्हतो?"

"आन् खरंच उतरली असन तं?"

"कोनं उतरवली मंग? भुतानं?" तो तिच्याकडे न पाहता लाल्याच्या मानेवरून हात फिरवत राहिला. "तूच तं सांगतलं, तिथंच व्हती म्हनून."

तिथंच ती संपली. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर एका बैलाचं पाप होतं. आता बैल होता, माणूस होता आणि चारचौघांसमोर बोललेलं खोटं होतं. सासू जन्मभर घास-घासाला ऐकवणार होती. किन्हीराजा गावी, माहेरापर्यंत बोभाटा जाणार होता, की तुमच्या पोरीनं झोपेसाठी बैल बुडवला आणि माणूस खोटा पाडला. नवरा मारणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तो फक्त बोलणं टाकील, आणि ते जास्त वाईट. अशी ती रोज हिशेब मांडायची आणि रोज गप्प राहायची.

रूपलापुढे मात्र दोनच वाटा उरल्या होत्या, खोटारडं ठरावं की आंधळं. घोंगडी नव्हती म्हणावं तर मालकाला खोटा पाडल्यासारखं होतं आणि मालकिणीलाही. मग त्यानं आपल्याच डोळ्यांना खोटं पाडलं. "दिसत नाई आताशा," असं तो लोकांना आपणहून सांगू लागला. त्यावर लोक हळहळायचे. खोट्याला जी शिवी मिळते तिच्यापेक्षा आंधळ्याला मिळणारी हळहळ त्याला परवडत होती.

एका दुपारी खळ्यावर हरभरा बडवताना धनीबाई म्हणाली, "बाई, उद्या रिठदच्या बाजारी जातो आमी. तिथं एक सुरमेवाला आला हाय म्हने. डोये पायते. मोतीबिंदूचा मोत्या पडला असन तं काढून देते."

गोजराबाईच्या हातातलं बडवणं थांबलं. "कायले जाता? कुठला कोन, काय मालूम."

"मीबी तेच मनलं. पन हे आयकत नाईत. म्हनते, डोये नीट झाले की मालक पुन्ना बेटावर ठेवतीन. त्याइले बेटाबिगर करमत नाई. राती झोपीत वरडतेत, उतार गुडघ्याएवढा, उतार गुडघ्याएवढा."

आता सांग, असं गोजराबाईचं मन म्हणालं. मग तेच मन, जे इतके दिवस तिला पळवाट दाखवत आलं होतं, तिला म्हणालं, अगं जाऊ दे की. तो सुरमेवाला पाहील डोळे आणि म्हणेल, बाबा, तुझा डोळा तर धडधाकट आहे. रूपला हसत परत येईल, रामकिसनलाही पटेल, आणि तुला तोंड उघडावंही लागणार नाही. हा विचार तिला इतका गोड वाटला की त्या रात्री, पंधरा दिवसांत पहिल्यांदा, तिला झोप लागली.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी रूपला कामाला आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी धनीबाई एकटी आली आणि घाटे वेचायला बसली.

"काय म्हने सुरमेवाला?" गोजराबाईनं विचारलं.

"काढला मोत्या. उजव्या डोयाचा. सुईनं."

"मंग?"

"पट्टी हाय. लय ठनकते. रातभर भितीले डोकं लावून बसतेत." धनीबाईनं घाटा सुपात टाकला. "काल पट्टी सोडून पाह्यली. त्या डोयानं उजेडबी नाई दिसत बाई. पू आला हाय."

गोजराबाई उठली. पदर खोचलेला तसाच, हातात सूप तसंच, आणि चालू लागली. सासूनं मागून विचारलं, कुठे निघालीस? तिनं उत्तर दिलं नाही. सूप कुठे टाकलं तेही तिला नंतर आठवलं नाही.

तांडा अर्ध्या कोसावर. ऊन लख्ख पडलं होतं, वारा थंड होता. मालकीण तांड्यात आली म्हणून बाया दारात उभ्या राहिल्या. रूपला झोपडीबाहेर भिंतीला टेकून बसला होता. उजव्या डोळ्यावर मळकं फडकं, त्याखालून गाल सुजलेला. डाव्या डोळ्यानं त्यानं तिला लांबूनच ओळखलं.

"या बाई. धनी तं कामाले गेली."

"भाऊ, मी तुमच्याशीच बोलाले आली." ती उभीच राहिली. बसायची तिची हिंमत झाली नाही. "घोंगडी मीच काढली व्हती."

रूपला पाहत राहिला.

"हिव लागत व्हतं मले. म्या काढली, पांघरली, आन् मले झोप लागली. तुमी पान्यात दिसले तवा घाबरून पुन्ना फांदीवर टाकली. मंग सगळ्याइसमोर खोटं बोलली. तुमचं काही चुकलं नव्हतं भाऊ. घोंगडी नव्हतीच तिथं. मी पापी हाय. माह्यानं बोलनं झालं नाई."

एवढं बोलून ती रडू लागली. रूपलानं शिवी द्यावी, थुंकावं, तांड्याच्या पंचांना बोलवावं, यातलं काहीही त्यानं केलं असतं तर तिला सोसवलं असतं. पण रूपला भिंतीला धरून उभा राहिला आणि त्याचं तोंड हळूहळू उजळू लागलं.

"नव्हती?" तो म्हणाला. "खरंच नव्हती?"

"नव्हती."

"म्या दोनदा पाह्यली व्हती बाई. दोनदा!" तो मोठ्यानं हसला. दारातल्या बायांकडे वळून आपल्या बोलीत ओरडून काही तरी सांगू लागला, मग पुन्हा तिच्याकडे वळला. "सांगत व्हतो नं मी? फेस पिवळा व्हता तोबी म्या पाह्यला व्हता. माहे डोये चांगले व्हते! दोन्ही चांगले व्हते! आता मालकाले सांगा तुमी. रामरावाले काय समजते बेटाचं? मी उद्याच्या उद्या जातो."

"सांगतो भाऊ. आत्ताच जाऊन सांगतो."

"डोहाकडचा काठ खाल्ला असन पान्यानं. थंडीत तिकडं पाहा लागते. मले ठाव हाय नं सगळं."

बोलता बोलता त्याचा हात फडक्याकडे गेला. ठणका लागला असावा, कारण तो पुन्हा भिंतीला टेकला. हसू ओठांवर होतं, पण त्याखालचा चेहरा काही तरी जुळवत होता. एकच डोळा उरलेला, तो गोजराबाईच्या तोंडावर येऊन थांबला.

"पन बाई," तो म्हणाला, "त्या सुरमेवाल्यानं मोत्या काढून हातावर दाखवला मले. पांढरा व्हता, मासोळीच्या खवल्याएवढा." त्यानं रिकामा तळहात पुढे केला. "डोया चांगला व्हता, तं त्यानं काढलं थे काय?"

दारातल्या बाया गोजराबाईकडे पाहू लागल्या. ती उत्तर शोधत त्या तळहाताकडे पाहत राहिली, आणि तो तिच्या उत्तराची वाट पाहत हात तसाच धरून उभा राहिला.